आधी श्वास सोडा: ताण, भावना आणि दमा यांचा व्यवहार

धाप लागली की दम्याचा माणूस म्हणतो, "श्वास घेता येत नाही." हे वाक्य मी स्वतः गेली पस्तीस वर्षे म्हणत आलो आहे, आणि त्यातली चूक ध्यानात यायला त्यातली निम्मी वर्षे गेली. दम्यात मोठी अडचण श्वास घेण्याची नसते, ती सोडण्याची असते. श्वासनलिकांचे आतले अस्तर सुजलेले असते, भोवतीचे स्नायू आवळलेले असतात, वर चिकट कफ साचलेला असतो. श्वास घेताना छाती फुगते तशा या नळ्याही थोड्या रुंदावतात, पण सोडताना त्या पुन्हा अरुंद होतात आणि हवा आतच अडकून राहते. आधीची हवा बाहेर गेलेली नसताना माणूस घाबरून वरून आणखी हवा ओढू लागतो, म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतण्याचाच तो प्रकार. भीती, राग, काळजी, रडू या सगळ्या गोष्टी नेमक्या याच ठिकाणी आड येतात, म्हणून या लेखातले बहुतेक सांगणे श्वास सोडण्याभोवती फिरणार आहे.

मी सांगलीच्या गावभागात राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढला की इथल्या घराघरांत एकच प्रश्न असतो: कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट? ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या दिवसांतल्या एका रात्री मी वरच्या मजल्यावर बसून दर अर्ध्या तासाने मोबाइलवर पातळी बघत होतो. रात्री दोनच्या सुमारास छाती भरून आली, नळ्या उघडणारा, आराम देणारा पंप घेतला, शिट्टीसारखा आवाज थांबला, तरी मोकळे वाटेना. मग सहज लक्ष गेले तेव्हा कळले की माझे खांदे कानांपर्यंत चढलेले आहेत, दातांवर दात घट्ट बसले आहेत, पोट आत ओढलेले आहे आणि नवा आकडा वाचताना दर वेळी माझा श्वास थांबतो आहे. पंपाने नळ्या उघडल्या होत्या, पण बाकीचे शरीर अजून पुराच्या पाण्यात उभे होते.

आपल्या भाषेला हे सगळे केव्हापासूनच ठाऊक आहे. आपण आवंढा गिळतो, श्वास रोखून वाट बघतो, सुस्कारा टाकतो. ऊर भरून येतो, घसा दाटतो, छातीवर दडपण येते. हे वाक्प्रचार रोजच्या बोलण्यातले असले तरी त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या स्नायूचे वर्णन करतो.

शरीरात नेमके काय घडते

शांत बसलेल्या माणसाचा श्वास मुख्यतः छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यासारख्या स्नायूने, म्हणजे श्वासपटलाने चालतो. ताण आला की पोटाचे स्नायू कडक होतात, श्वासपटलाला खाली सरकायला जागा राहत नाही, आणि मान, खांदे व वरच्या बरगड्यांचे स्नायू हे काम अंगावर घेतात. ते अडीअडचणीला धावून येणारे मदतनीस आहेत, दिवसभर राबण्यासाठी ते बनलेले नाहीत. म्हणून संध्याकाळी मान अवघडते, छातीच्या वरच्या भागात दुखते आणि "छाती जड झाली" असे वाटते, जे दम्यासारखेच असते पण दमा असेलच असे नाही.

दुसरा मार्ग मज्जातंतूंचा. मेंदूपासून निघून छातीपर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू श्वासनलिकांनाही जोडलेला असतो. त्याच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते आणि त्याने नळ्यांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात. निरोगी माणसाला हे आकुंचन जाणवतही नाही, दमेकऱ्याच्या नळ्या आधीच चिडक्या असल्याने त्याला ते पुरेसे होते. याउलट घाबरल्यावर वाढणारे ॲड्रेनलीन नळ्या रुंद करणारे असते, त्यामुळे प्रत्येक भीतीने दमा उठतोच असे नाही. माझा तरी अनुभव असा की भांडणाच्या भरात मला काहीच होत नाही. भांडण संपवून घरी येऊन खुर्चीत टेकलो की घुरघुर सुरू होते.

तिसरा मार्ग श्वासाच्या वेगाचा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त माणसे याच मार्गाने अडचणीत येतात. भीती, संताप, हुंदके देऊन रडणे किंवा पोट धरून हसणे, या सगळ्यांत श्वास जलद होतो आणि तो तोंडाने घेतला जातो. नाकातून येणारी हवा गरम व ओलसर होऊन आत जाते, तोंडाने ओढलेली तेवढी होत नाही, आणि गार, कोरडी हवा चिडक्या नळ्यांना आणखी डिवचते. त्यातच शरीराला लागते त्यापेक्षा जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि हा वायू घटल्यामुळे श्वासनलिकाही आवळतात. हवा कमी पडते असे वाटून माणूस आणखी जोराने श्वास घेतो, आणि ते वाटणे आणखी वाढत जाते.

नुसत्या अपेक्षेनेही हे किती होऊ शकते याचा १९६८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. थॉमस लुपरेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० दमेकऱ्यांना केवळ मिठाच्या पाण्याचा फवारा हुंगायला दिला, पण सांगताना असे सांगितले की ज्या पदार्थाने तुमचा दमा चाळवतो तोच यात आहे. ४० पैकी १९ जणांच्या श्वासनलिका खरोखरच अरुंद झाल्या आणि त्यातल्या १२ जणांना चक्क दम्याचा झटका आला. पुढे तोच फवारा "हे औषध आहे" म्हणून दिल्यावर त्यांना उतार पडला. या प्रयोगातले अरुंदपण यंत्राने मोजलेले होते, कोणी सोंग केले नव्हते. उरलेल्या २१ जणांवर त्या सांगण्याचा परिणाम झाला नाही, हेही ध्यानात ठेवावे, कारण भावनांनी दमा किती चाळवतो हे माणसागणिक वेगळे असते.

मात्र यावरून दमा हा मनाचा आजार आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. गेल्या शतकाच्या मध्यावर फ्रान्झ अलेक्झांडर यांच्यासारखे मनोविश्लेषक दम्याच्या धापेला आईसाठी दाबून ठेवलेले रडे मानत. आपल्याकडे कोणी इतके पांडित्य दाखवत नाही, पण "तुझा दमा तुझ्या डोक्यात आहे" हे वाक्य सासरी-माहेरी ऐकलेल्या बायका मला पुष्कळ भेटल्या आहेत. सूज श्वासनलिकेत असते आणि तिच्यावरचा मुख्य उपाय रोज घ्यायचा, स्टिरॉइड असलेला पंप हाच आहे. पुढे सांगितलेल्या सवयींनी त्रास आणि घाबरणे कमी होते, रोजचे जगणे सुसह्य होते. सूज त्यांनी जात नाही, म्हणून या सवयी लागल्या की रोजचा पंप सोडता येईल असे समजणे घातक आहे.

आपला त्रास ओळखायला शिकणे

दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. त्रास झाला की वेळ, त्याआधीच्या तासाभरात काय घडले, कुठे बसलो होतो, कसला वास होता, मनात काय होते, आणि पंप घेतल्यावर किती मिनिटांनी बरे वाटले, एवढे लिहावे. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात "मिरचीच्या फोडणीचा ठसका" आणि "बँकेतून फोन" या दोन नोंदी सारख्याच वेळा आल्या, आणि बँकेच्या फोनानंतर पंपाने जवळजवळ काहीच फरक पडत नव्हता हे मला त्याच वहीने दाखवले.

सोबत पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोराने बाहेर फुंकता येतो ते मोजणारी नळी, असल्यास उत्तम; औषधाच्या मोठ्या दुकानात ही नळी मिळते. उभे राहून, पूर्ण श्वास भरून, एका दमात जोराने फुंकायचे, असे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. प्रकृती उत्तम असतानाचा आपला आकडा माहीत असला की त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असणे ठीक, ५० ते ८० मध्ये सावध व्हावे, आणि ५० च्या खाली आल्यास तातडीने उपचार घ्यावेत, असा सर्वसाधारण हिशेब असतो.

दम्याचा त्रास बहुधा खोकला आणि श्वास सोडतानाच्या शिट्टीसह येतो, रात्री किंवा पहाटे वाढतो, पीक फ्लोचा आकडा घसरतो आणि आराम देणाऱ्या पंपाने काही मिनिटांत उतार पडू लागतो. ताणामुळे वाढलेल्या श्वासात वारंवार उसासे आणि जांभया येतात, खोल श्वास घेऊनही समाधान होत नाही, मुंग्या येतात, आणि मीटरवरचा आकडा फारसा हलत नाही. तिसरा एक प्रकार गळ्याचा आहे: स्वरयंत्राच्या पट्ट्या चुकीच्या वेळी जवळ येतात, घसा आवळल्यासारखा वाटतो आणि आवाज श्वास आत घेताना येतो, यावर पंप चालत नाही, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे लागते. तिन्ही एकाच माणसात एकाच दिवशी असू शकतात, हीच खरी पंचाईत. म्हणून शंका असेल तेव्हा आधी आराम देणारा पंप घ्यावा, मनाचा विचार नंतर करावा. हा क्रम कधीही उलटा करू नये.

रोजचा सराव

हा सराव बरे असतानाच करायचा असतो. धाप लागलेली असताना नवी गोष्ट शिकणे म्हणजे पूर आल्यावर पोहायला शिकणे, आणि ते काय असते हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पाठीवर निजून गुडघ्यांखाली उशी घ्यावी, किंवा पाठ टेकून खुर्चीत बसावे. एक हात छातीच्या वरच्या भागावर, दुसरा बेंबीच्या थोडा वर. पहिली दोन मिनिटे श्वासात काही बदल करू नये, फक्त कोणता हात जास्त हलतो ते बघावे. नंतर नाकाने, आवाज न करता, छोटा श्वास घ्यावा. पोटावरचा हात अलगद उचलला जातो. मग बशीतला चहा निववताना घालतो तशी हलकी फुंकर घालत ओठांतून श्वास सोडावा. घेताना मनात दोन मोजले तर सोडताना चार मोजावेत आणि सवय झाल्यावर तीन-सहा करावेत. फुंकर हलकीच हवी, कारण जोर लावून हवा बाहेर ढकलली की छातीतला दाब वाढून आधीच अरुंद असलेल्या बारीक नळ्या आणखी दबतात आणि हवा अडकते. श्वास सोडून झाल्यावर क्षणभर थांबावे, पुढचा श्वास आपणहून येऊ द्यावा. बसल्या जागी प्रौढांचा श्वास साधारणपणे मिनिटाला १२ ते २० वेळा होतो. सरावात तो दहाच्या आसपास आला तरी पुष्कळ झाले. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे पुरतात. चक्कर आली तर आपण गरजेपेक्षा मोठे श्वास घेत आहोत असे समजावे आणि श्वास लहान करावा.

इथे एक अडचण येते जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही: काही जणांना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच घाबरायला होते. त्यांनी श्वासाचे नावही न काढता हातापायांपासून सुरुवात करावी. स्नायू आधी मुद्दाम ताणून मग सोडण्याची रीत अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात मांडली. तिच्या आजच्या सोप्या रूपात मुठी पाच सेकंद आवळायच्या आणि वीस सेकंद सैल सोडायच्या. मग खांदे कानांकडे उचलून सोडायचे. मग कपाळ, मग जबडा. जबड्याकडे विशेष लक्ष द्यावे. दातांमध्ये थोडी फट आणि जीभ टाळूपासून सुटलेली, एवढे जमले तरी घसा मोकळा झाल्याचे जाणवते. स्नायू ताणताना श्वास रोखू नये, तो चालूच ठेवावा. मला ही एवढी एक गोष्ट जमायला महिना लागला.

प्राणायाम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. भ्रामरीत गुणगुणत लांब श्वास सोडायचा असल्याने ती वरच्या सरावाच्या जवळची आहे. कपालभाती आणि भस्त्रिकेत श्वास जलद व जोराचा असतो, म्हणून छाती भरलेली असताना ते करू नयेत; आणि ज्यांना मुंग्या व चक्कर यांचा त्रास आहे त्यांनी एरवीही शिक्षकाला विचारल्याशिवाय करू नयेत. दीर्घ कुंभकाचा, म्हणजे श्वास रोखून धरण्याचा, आग्रहही नको.

दिवसभरात ताण साठू न देण्यासाठी मी एक खूण ठेवली आहे. फोन वाजला की उचलण्याआधी एक लांब श्वास सोडतो आणि खांदे खाली टाकतो. फोन वाजणे आपल्या हातात नसते, आणि तो दिवसातून वीसदा तरी वाजतो. याहून स्वस्त शिक्षक मिळणार नाही.

झटका आला असताना

डॉक्टरांनी लिहून दिलेला क्रम असेल तर तोच पाळावा. नसेल तर साधारणपणे असे करतात: रुग्णाला ताठ बसवावे, आडवे करू नये. सॅल्ब्युटामॉलचा, म्हणजे आराम देणारा पंप स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळकांड्याला) लावून एक दाब द्यावा, त्यातून चार श्वास घेऊ द्यावेत, आणि असे एकामागून एक चार दाब द्यावेत. चार मिनिटे थांबावे, फरक नसेल तर पुन्हा चार द्यावेत. तरीही उतार नसेल तर १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे, झोपाळल्यासारखे होणे किंवा गोंधळणे, आणि जोराने श्वास चालू असून छातीतला आवाज बंद पडणे, या खुणांपैकी एक जरी दिसली तरी वाट न बघता लगेच फोन करावा. आवाज बंद पडला म्हणजे बरे वाटले, असा समज कित्येक घरांत असतो. खरे तर हवा इतकी कमी जात असते की शिट्टीही वाजत नाही.

या वेळी बसण्याची ढबही मदत करते: थोडे पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेकावेत, म्हणजे खांद्यांना आधार मिळतो आणि मदतनीस स्नायूंना बरगड्या उचलायला जोर येतो. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय दमेकऱ्यावर कधीही करू नये, त्याने प्राणवायू धोकादायक रीतीने घटू शकतो.

घरच्यांनी "शांत हो, शांत हो" म्हणू नये. शांत होता येत असते तर तो झालाच असता. शेजारी बसावे, आपला आवाज खाली आणावा आणि स्वतः ऐकू येईल असा लांब श्वास सोडत राहावे, विशेषतः मूल असेल तर. मूल आपले बोलणे ऐकत नाही, आपले खांदे बघते. आणि एरवी "रडू नकोस, दम लागेल" असे मुलाला सतत बजावू नये. दाबलेल्या हुंदक्यातही श्वास रोखलाच जातो. रडू द्यावे, पंप हाताशी ठेवावा.

औषधांच्या दोन गफलती

आराम देणाऱ्या पंपाने हात थरथरतात आणि छातीत धडधडते. हा औषधाचा परिणाम आहे, पण घाबरलेल्या माणसाला तो भीतीच वाटतो, भीतीने धाप वाढल्यासारखी होते आणि तो पुन्हा पंप ओढतो. थरथर पंपाची आहे हे माहीत असले की निम्मे काम होते. सामान्यतः एका डब्यात २०० दाब असतात. वर्षाला तीन किंवा त्याहून जास्त डबे लागत असतील तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे.

दुसरी गफलत अधिक गंभीर आहे. सांगली ही नाट्यपंढरी, त्यामुळे ओळखीत एखादा हौशी नट असतोच. अशाच एकाने रंगमंचावर जाताना धडधडते म्हणून मित्राकडची प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतली आणि पहिला अंक संपेपर्यंत त्याची छाती घरघरू लागली. धडधड आणि थरथर थांबवणारी ही गोळी दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळते, आणि वर नेहमीच्या पंपाचा असरही रोखते. काळजी किंवा धडधड यांसाठी कोणतेही औषध घेताना दमा असल्याचे आधी सांगावे. काळजी रोजचीच झाली असेल, झोप उडाली असेल, तर तिच्यावर स्वतंत्र उपचार घ्यावेत. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

पावसाळ्यापूर्वी

आमच्या भागात जून संपण्याआधी एक पिशवी बांधून ठेवावी: रोजचा आणि आराम देणारा असे दोन्ही पंप, स्पेसर, औषधाची चिठ्ठी आणि महिनाभराची औषधे, सगळे घट्ट झाकणाच्या डब्यात. काहींच्या पंपात भुकटीच्या कॅप्सूल घालायच्या असतात; त्या ओलाव्याने खराब होतात, म्हणून त्या पाकिटातून आधी काढून ठेवू नयेत. पाणी ओसरल्यावर चिखल उपसण्याचे आणि भिंतींवरची बुरशी खरवडण्याचे काम दमेकऱ्याने दुसऱ्यावर सोपवावे, कारण तेव्हा बुरशी आणि डोळ्यांसमोर फेकला जाणारा संसार, दोन्ही एकाच वेळी छातीवर येतात.

पातळी बघण्याचे काम आता आमच्याकडे सूनबाईंकडे आहे. ती दिवसातून चारदाच बघते, आणि आकडा सांगण्याआधी दारात उभी राहून म्हणते, "मामा, आधी श्वास सोडा, मग सांगते."